कारण दाखवा

आमच्या घरात देवाच्या नावाखालोखाल कुठले शब्द उच्चारले जात असतील तर ते ‘कारण दाखवा’. आईच्या तोंडी ते कधी बसले हे मला नेमकं ठाऊक आहे, ते पुढं सांगते. एकदा बसले ते बसले, मग ती ते साऱ्या जगाला ऐकवू लागली. दूधवाल्यानं उशीर केला की ‘कारण दाखव’. भावानं शाळा बुडवली की ‘कारण दाखव’. शेजारचं मांजर चुलीपाशी येऊन बसलं, तर हातातली फुंकणी त्याच्यावर उगारून तेच. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यात होते. ते हसून म्हणायचे, ‘‘तुझ्या आईला कलेक्टर करायला पाहिजे होतं. निम्मा जिल्हा कारणं शोधत बसला असता.’’ आई हसायची नाही. ते शब्द तिनं गमतीनं उचललेले नव्हते.

त्यामागची गोष्ट तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. पोलीस अ‍ॅक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही राजाबाजारामागच्या एका बोळात भाड्यानं राहत होतो. निजामाचं राज्य गेलं होतं, पण घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला रिवाज जुनाच चालू होता. मालकाच्या मनात आलं की भाडेकरूनं उठायचं. माझा मधला भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. एका दुपारी, अण्णा मोजणीला बाहेरगावी गेलेले असताना, मालकाची दोन माणसं आली आणि त्यांनी घरातली भांडी बोळात नेऊन मांडली. मांडली, हाच शब्द आई वापरायची. फेकली असती तर तिला भांडता आलं असतं. त्यांनी ती नीट, पालथी घालून, भिंतीच्या कडेनं ओळीनं मांडली आणि चुलीवरचं वरणाचं पातेलंसुद्धा फडक्यानं धरून बाहेर आणून ठेवलं. ‘‘उकळत होतं गं वरण,’’ आई सांगायची, ‘‘बोळात ठेवलं तरी जराशी उकळतच होतं.’’ संध्याकाळी अण्णा आले तेव्हा ती पोराला मांडीवर घेऊन त्या ओळीच्या टोकाला बसलेली होती.

आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात; पुढं काही काळानं तिथं घरभाड्याचा नवा कायदा झाला. कचेरीतल्या कुणीतरी अण्णांना समजावून सांगितलं, की आता नुसतं मनात आलं म्हणून मालकाला भाडेकरू उठवता येणार नाही. त्याला घरभाड्याचे दावे ऐकणाऱ्या कंट्रोलरसाहेबापुढं जाऊन कारण दाखवावं लागेल, आणि ते कारण कायद्यानं मानलेलं असावं लागेल. अण्णांनी ही बातमी जेवताना सांगितली. आईनं वाढता हात थांबवला.

‘‘म्हणजे आपण त्याला कारण दाखवा म्हणायचं?’’

‘‘तसंच समज.’’

‘‘मी म्हणलं तरी चालतंय?’’

‘‘कुणीही म्हटलं तरी चालतंय.’’

तेवढं तिला पुरलं. मी पुढं आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, हक्क आणि कर्तव्यं फळ्यावर लिहून लिहून हात पांढरे केले. पण कायदा माणसाच्या पाठीच्या कण्यात कसा उतरतो ते मी फक्त त्या एका जेवणात पाहिलं.

माझ्या हकीकतीतलं घर मात्र त्यानंतरचं, नवाबपुऱ्यातलं. रस्त्याकडं एक मोठी खोली, तिच्यामागं एकामागोमाग दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि त्यामागं फरशीचं अंगण. अंगणातला नळ आमचा आणि घरमालकिणीचा मिळून. अंगणापलीकडं ती स्वतः राहायची, दोन बारक्या खोल्या आणि त्यांना जोडणारा एक अरुंद बोळ, ज्याला ती गलियारा म्हणायची. तिला आम्ही मुलं खाला, म्हणजे मावशी, म्हणत होतो; आई बेगम म्हणायची. तिचे यजमान जुन्या सरकारात पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारे कारकून, होते. सरकार गेलं, नोकरी गेली, आणि मागोमाग तेही गेले. तेव्हा घराचा मोठा, हवेशीर भाग भाड्यानं देऊन ती आपल्या मुलाला, इक्बालला, घेऊन मागं सरकली होती. आपल्याच घराच्या मागच्या अंगाला राहणारी आणि पुढच्या अंगाला परक्यांचे कपडे वाळताना पाहणारी ही बाई मला लहानपणी जरा कडक वाटायची. ती कडक नव्हती. तिला बोलायला माणूस नव्हतं.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पलीकडच्या गल्लीत हिमरू शालींचे माग चालायचे, त्यांची खटखट दिवसभर. तिची इतकी सवय झालेली, की शुक्रवारी दुपारी माग थांबले की आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. पहाटेची अजान, तिच्यामागून नळाला येणारं पाणी, आधी नुसती हवा, मग खाकरून आलेली पहिली धार. आई येसराचा मसाला भाजायला बसली की धने-बाजरीच्या त्या खमंग वासानं खाला अंगण ओलांडून यायची. ‘‘सुमन की माँ, आज येसर का बघार लगा क्या? खुशबू उधर तक आरी.’’ मग तिच्या वाटीत येसराची आमटी जायची आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. कधी चिंचेची खट्टी दाल, कधी तळलेल्या शेवया. आज मी येसर पुडीतलं आणते. वास येतो, पण अंगण ओलांडून कुणी यावं इतका येत नाही. आणि खरं सांगायचं तर आता अंगणही नाही.

मी मॅट्रिक झाले त्याच उन्हाळ्यात अण्णांची बदली आष्टीला झाली. अण्णांचं पोट कायमचं दुखरं, खानावळीचं तिखट चालत नसे. आईला त्यांच्याबरोबर जाणं भाग होतं, आणि धाकटे दोन्ही भाऊ तिच्या पदराला. प्रश्न उरला माझा. आष्टीला तेव्हा कॉलेज नव्हतं. कन्नडजवळच्या आमच्या गावाहून मोठे काका मुद्दाम आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एका दमात निकाल देऊन टाकला.

‘‘घर द्या सोडून. सामान गावाकडं टाका. पोरगी म्याट्रिक झाली, लई झालं. औंदाच्या सराईत उजवून टाकू.’’

‘‘ती कालेजात जाणारे,’’ आई म्हणाली.

‘‘आन् ऱ्हाणार कुठं?’’

‘‘इथंच. ह्याच घरात. गोदावन्सं ऱ्हातील तिच्यासंगं.’’

गोदाआत्या अण्णांची थोरली बहीण. नवऱ्यानं नांदवली नाही म्हणून माहेरी परतलेली, आणि गावात काकांच्या घरी सगळ्यांच्या भाकऱ्या थापण्यात जन्म चाललेला. तिला कुणी विचारलं नव्हतंच. पण ती काकांच्या मागून, दाराच्या चौकटीला टेकून, एकदम बोलली, ‘‘मी ऱ्हाते. लई दिवस झाले, मला बी एक घर पायजेच हुतं.’’ काकांनी वळून तिच्याकडं पाहिलं ते असं, की जणू चौकटच बोलली.

जाण्याआधी अण्णा मला आणि आईला घेऊन देशपांडे वकिलांकडं गेले. वकिलांनी सांगितलं ते नीट लक्षात ठेवण्यासारखं होतं. कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे, पण भाडेकरूनं राहिलं पाहिजे. घर वापरणं सोडलं, ते महिनोन्‌महिने बंद पडलं, तर मालकाला ते परत मागता येतं. ‘‘नुसतं कुलूप लावून घर राखता येत नाही,’’ ते म्हणाले. आईनं परत येताना टांग्यात माझं मनगट धरलं. ‘‘ऐकलंस न्हवं? चूल रोज पेटली पाहिजे. दिवा रोज लागला पाहिजे. कुणाचं लगीन असो नाहीतर मयत, दोघीजणींनी मिळून घर सोडायचं नाय. आन् रस्त्याकडलं दार बंद ठेवायचं. दोन बायामाणसं हायेत तुम्ही. अंगणातून जा-ये करायची.’’

असं आमचं राहणं सुरू झालं. मी कॉलेजला जायची तेव्हा आत्या घरी, आत्या शहागंजच्या बाजारात जायची तेव्हा मी घरी. काकांच्या मुलीचं लग्न गावाला झालं. आत्या गेली आणि मी घरात बसून स्वतःपुरती खिचडी केली. पुढं गावची जत्रा आली तेव्हा मी गेले आणि आत्या राहिली. मैत्रिणी वेरूळच्या सहलीला निघाल्या आणि नेमका तेव्हाच आत्याला गावाला काकांच्या आजारपणासाठी जावं लागलं. मी सहलीचे भरलेले पैसे सोडले. वाईट वाटलं, पण फार नाही. त्या वयात एखादं घर आपण धरून ठेवलंय ही जाणीव काही साधी नसते. मी दारात रांगोळी काढताना ती जरा मोठीच काढायची. आत्याचं तर काय विचारता! ती तिथं फुलली. कुणी मागत नाही अशा भाकऱ्या ती पहिल्यांदाच थापत होती, दोघींपुरत्या, आणि उरलेल्या वेळात अंगणात बसून खालाबरोबर आपल्या मराठीत बोलायची. खाला आपल्या दखनीत उत्तर द्यायची. दोघींचं काही अडत नव्हतं.

मग इक्बालभाई हैदराबादहून परत आले. ते तिथं युनानी हकिमी शिकत होते. येताना बायको घेऊन आले, नसीम. माझ्याहून थोडीशीच मोठी, लांब वेणी, सारखी खाली मान. दोन बारक्या खोल्यांपैकी एकीत खालाचा पसारा आणि चूल, दुसरीत इक्बालभाईंची बरण्यांची कपाटं, औषधांचे खल, वाळत घातलेली मुळं. नवराबायकोला गलियाऱ्यात पडदा लावून दिला होता. पहाटे नळावर जाताना पडद्याखालून नसीमची वेणी जमिनीवर आलेली दिसायची. तिच्यावरून ओलांडून जायला नको म्हणून मी दूरच्या बाजूनं जात असे.

दिवाळीत आई चार दिवस आली तेव्हा खालानं विषय काढला. आधी खूप वेळ अण्णांच्या पोटाची चौकशी केली. मग म्हणाली, ‘‘बाई, अब मेरा घर मेरे कू होना. इक्बाल का दवाखाना निकालना है. तुम लोगाँ तो अब वहाँच रहते.’’

‘‘माझी पोरगी इथं ऱ्हाती, बेगम.’’

‘‘एक लड़की और एक बुढ़िया कू इत्ता बड़ा घर?’’

आई उठून उभी राहिली. ‘‘घर लहान का मोठं ते कायद्यात नाय. कारण दाखवा, बेगम. साहेबापुढं दाखवा.’’

खालाचा चेहरा उतरला. मागून कळलं, की तिला साहेबापुढं जायचंच नव्हतं. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांच्या वाट्यांच्या देवघेवीत हे बोलणं बसेल. आई आष्टीला परत गेली आणि माघी थंडीत आमच्या नावानं, म्हणजे अण्णांच्या नावानं, नोटीस आली. देशपांडे वकिलांनी ती मला वाचून दाखवली. दोन कारणं होती. एक, मालकिणीला घर स्वतःच्या कुटुंबासाठी हवं आहे. दुसरं ऐकताना माझ्या कानांत वाफ भरली: भाडेकरू घर सोडून गेलेला असून घर बंद आहे, रस्त्याकडील दाराला कायम कुलूप असतं, तिथं कुणी राहत नाही.

कुणी राहत नाही! चुलतबहिणीचं मी सोडलेलं लग्न, सोडलेली सहल, रोजची रांगोळी, आत्याची चूल, सगळं त्या चार शब्दांत पुसून टाकलं होतं. पहिलं कारण मला समजत होतं. दुसऱ्याची मला चीड आली, आणि त्या चिडीनं माझी भीती घालवली. अण्णांना रजा मिळेना. आत्यानं कचेरीचं नाव काढताच अंथरूण धरलं. वकील म्हणाले, ‘‘तुला बोलावं लागेल.’’ मी म्हटलं, ‘‘बोलते.’’

कंट्रोलरसाहेबांची कचेरी म्हणजे उंच छताची खोली, दोराला लटकलेला पंखा आणि बाकांवर दाटीनं बसलेली माणसं. त्यात बाई म्हणून मी आणि पलीकडच्या बाकावर बुरख्यात खाला. आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं आधी साक्ष दिली, की रस्त्याकडच्या दाराला त्यानं सदा कुलूपच पाहिलं. ते खरंच होतं. मग खालाच्या वकिलांनी मला विचारायला सुरुवात केली.

‘‘भाडेकरू कोण?’’

‘‘माझे वडील.’’

‘‘ते कुठं राहतात?’’

‘‘नोकरीला आष्टीला.’’

‘‘म्हणजे भाडेकरू या घरात राहत नाही.’’

‘‘मी राहते. आत्या राहते.’’

‘‘तुम्ही भाडेकरू नाही.’’

मी वकिलांना सोडून साहेबांकडं वळले. ‘‘मी भाडेकरूची मुलगी आहे. वडील बाहेरगावी गेले म्हणून मुलगी घरातली राहत नाही का? मग तर साहेब, बदली झालेल्या प्रत्येक माणसाचं घर मोकळंच म्हणायचं.’’

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी मान वर केली. त्यांचीही बदलीचीच नोकरी होती. त्यांनी मला विचारलं, ‘‘दाराला कुलूप का असतं?’’

‘‘आम्ही दोघी बायका आहोत. अंगणातून जातो-येतो. ती खोली आम्ही उघडत नाही.’’

मग त्यांनी खालाला पुढं बोलावलं. तिनं शपथ घेतली आणि बुरख्याचा पडदा वर केला. तिच्या वकिलानं तोंड उघडायच्या आत साहेबांनीच विचारलं, ‘‘या घरात कोणी राहतं की नाही?’’

खालानं माझ्याकडं पाहिलं नाही. ‘‘रहते हैं साब. फज्र के वक्त से बुढ़िया का चूल्हा लगता, मेरी आँख उसीच से खुलती. वो बंद-बिंद का वकीलसाब ने लिखा, मेरे कू पढ़ के नहीं सुनाया. हलफ उठा के झूट मैं कायकू बोलूँ?’’ तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला. कारकुनाचा टाक चालत होता. तो थांबला तशी ती पुढं झुकून म्हणाली, ‘‘मगर मेरी बहू गलियारे में सोती. उसके दिन भरते आ रे. वो भी लिखो. लिखा क्या? हौ, वो भी लिखो.’’

साहेबांनी ते लिहून घ्यायला लावलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर देशपांडे वकील फार खुशीत होते. ‘‘एक कारण तर त्यांच्याच तोंडानं मेलं. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, पण त्याला मी वर्षं लावतो. तारखा घेऊ, अपील करू. तू बीए होशील, तुझं लग्न होईल, तुझी पोरं शाळेत जातील, तरी घर हलणार नाही.’’ ते खोटं बोलत नव्हते. तशी घरं मी पुढं पाहिली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याला आमच्याकडं हैदराबादचाच कायदा. मुंबईला त्यांचा, विदर्भाला त्यांचा. पुढं कितीतरी वर्षांनी सगळ्या राज्याला एक कायदा आला, तोवर आमच्या गल्लीतले काही खटले मालक आणि भाडेकरू दोघांनाही पुरून उरले होते.

घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल तर रस्त्याकडची खोली उघडली. आईची एक ट्रंक, घडी घातलेली खाट आणि फरशीवर इतकी धूळ, की माझी पावलं उमटली. दया आली असं मी म्हणणार नाही. दया हा फार मोठेपणाचा शब्द आहे आणि त्या दिवशी मी कुणाहून मोठी नव्हते. माझा विचार सरळ होता. कचेरीत मी साऱ्या जगासमोर सांगून आले होते, की मी या घरात राहते. ते खरं होतं. पण या खोलीत मी राहत नव्हते, तेही खरंच होतं, आणि तेही मीच सांगितलं होतं. मला घर टिकवायचं होतं. बंद खोली टिकवण्यासाठी मी तारखांना जाणार नव्हते.

आत्याला सांगितलं तर ती घाबरली. ‘‘तुझी आई जित्ती ठिवायची नाय आपल्याला.’’ मी म्हटलं, ‘‘तू नुसती माझ्यामागं उभी राहा.’’ आणि अंगण ओलांडून खालाच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. कचेरीनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो.

‘‘खाला, रस्त्याकडची खोली तुमची. दवाखाना काढा. औषधं तिकडं गेली की इक्बालभाईंची खोली नसीमला मोकळी होईल.’’

तिचा हात सुपात थांबला. ‘‘और बाकी?’’

‘‘बाकी आमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर. नळ पहिल्यासारखा दोघांचा. मध्ये भिंत घाला, ती तुम्ही घालायची. आणि माझं शिक्षण पुरं होईपर्यंत परत कचेरी नाही. हे सगळं साहेबांपुढं लिहून द्यायचं.’’

‘‘इत्ती सी छोकरी, मेरे से शर्तां लगाती?’’

‘‘हौ खाला. लगाती.’’

पडद्यामागं नसीमच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. ‘‘तेरी माँ मानेंगी?’’ खालानं विचारलं.

‘‘आईला मी सांगेन.’’

‘‘वो शेरनी कू?’’ खाला पहिल्यांदा हसली. मग सूप बाजूला सारून म्हणाली, ‘‘भिंत नक्को, बेटी. लकड़ी का तख्ता ठोकेंगे.’’

‘‘नाही. भिंतच. तुमच्याकडं पेशंट येणार, आम्ही बायका.’’

‘‘अच्छा, भिंत,’’ ती म्हणाली.

पुढच्या तारखेला अण्णा कशीबशी एक दिवसाची रजा काढून आले. एसटी स्टँडवरून चालत येताना मी त्यांना सगळं सांगितलं. पैठणगेटपाशी थांबून त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, सावकाश प्याले, आणि म्हणाले, ‘‘मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजतो. हद्दीवरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. हद्द स्वतःहून आत घेणारी तूच पहिली.’’

‘‘चुकलं का माझं?’’

‘‘ते तुझी आई सांगेल. मी सही करतो.’’ देशपांडे वकिलांनी तोंड वाकडं केलं, पण तडजोड लिहून दिली. साहेबांनी दोन्ही बाजूंना विचारून ती मंजूर केली. खालानं अंगठा नाही केला. उर्दूत, सुंदर वळणदार सही केली.

भिंत बांधायला गवंडी आला तेव्हा मी आईला पत्रानं कळवलं. उत्तर आलं नाही. आईच आली. आष्टीहून दिवसभर गाडीचे हादरे खाऊन, एकटी, हातात फक्त एक पिशवी. घरात शिरून नव्या भिंतीसमोर उभी राहिली. ओल्या चुन्याचा वास अजून होता. तिनं भिंतीवर तळहात ठेवला आणि माझ्याशी नाही, आत्याशी बोलली. ‘‘वन्सं, ह्या पोरीला म्हणावं, एकदा माझं घर बोळात मांडलं हुतं. तवा मी काय करू शकले न्हाई. आता कायदा माझ्या बाजूनं हुता, तरी हिनं आपल्या हातानं दिलं.’’

मी रडले नाही. आईसमोर त्या दिवशी रडले असते तर सगळंच हरले असते. ‘‘आई, तेव्हा त्यांनी न विचारता उठवलं,’’ मी म्हटलं. ‘‘आता कुणी उठवलं नाही. मी ठरवलं.’’

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पिठलं केलं, भाकरी केल्या, माझ्या पानात वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दिसेना. आत्या घाबरून अंगणात, गल्लीत बघून आली. मी रस्त्यावर गेले तर काय, इक्बालभाईंच्या नव्या दवाखान्यात, पेशंटांच्या बाकावर, दोन मागवाल्यांच्या आणि एका खोकणाऱ्या म्हातारीच्या मध्ये आई डोक्यावर पदर घेऊन बसलेली. स्वतःच्या बैठकीत, नंबर लावून. मला पाहून तिनं नजर वळवली. तिचा नंबर आला तेव्हा ती इक्बालभाईंपुढं बसली आणि अण्णांच्या पोटाची सगळी कहाणी सांगितली. काय खातात, कधी दुखतं, रात्री कसे बसून राहतात. इक्बालभाईंनी तिला पुड्या बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. तिनं ते टेबलावर ठेवलेच. ‘‘भाडं येगळं, दवा येगळी,’’ म्हणाली.

मागच्या बाजूनं घरात आल्यावर ती अंगणात थांबली. गलियाऱ्यातला पडदा निघाला होता. नसीम तिच्या खोलीत खाटेवर बसून काहीतरी शिवत होती, पोट पुढं आलेलं. आईनं तिला विचारलं, ‘‘कितवा?’’ नसीमला मराठी समजली नाही, पण प्रश्न समजला. तिनं बोटं दाखवली. आई ‘‘हं’’ म्हणाली आणि तिच्या उशाकडची खिडकी बंद करून आली. सकाळचा वारा होता.

आज मी सिडकोत राहते. वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली भाड्यानं असतात, अकरा महिन्यांच्या करारानं. माझा मुलगा म्हणतो, कायदा आता मालकाला बराच सोपा झालाय, काळजी करू नको. मी काळजी करत नाही. फक्त करार संपत आला की मुलींना आधी मी विचारते, परीक्षा कधी आहे. मग तारीख घालते.

त्या खेपेला आई आष्टीला परत निघाली तेव्हा मी तिला स्टँडवर सोडायला गेले. बीडची गाडी भरत होती. ती खिडकीशी बसली, पुड्यांची पिशवी मांडीवर. गाडी हलायच्या वेळी तिनं बाहेर हात काढून माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायची तशी, जरा दुखेल इतकी.

‘‘मी असते तर एक वीट दिली नसती,’’ ती म्हणाली. ‘‘तू दिलीस, दिलीस. आता त्या अर्ध्या घरात पुरतं शिकून दाखव.’’

मी त्या अर्ध्या घरात बीए केलं, बीएड केलं, आणि करमाडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिथूनच निघाले, अंगणाच्या दारानं, आत्यानं बांधून दिलेली भाकरी घेऊन.